काळ्या अस्वलाच्या शिकारीचं गणित मादीपाशी सुटतं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कुणी काळं अस्वल मारलं की २४ तासांच्या आत ते राज्याच्या तपासणी केंद्रावर न्यावं लागतं. तिथले कर्मचारी त्याचं वजन करतात, नर की मादी ते लिहून घेतात, कानात आधीचा बिल्ला आहे का पाहतात आणि चिमट्याने एक लहानसा दात उपटून पाकिटात घालतात. सुळ्याच्या मागे असलेला, अस्वलाच्या फारसा कामाचा नसलेला दात. प्रयोगशाळेत त्याच्या मुळाचा पातळ काप काढतात, त्याला रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजतात. एका वर्षाला एक वलय. दात मादीचा असेल तर आणखी एक गोष्ट उघड होते. ज्या वर्षी तिने पिल्लं वाढवली त्या वर्षीचं वलय अरुंद पडलेलं असतं. पहिली वीण कितव्या वर्षी झाली, पुढच्या दर किती वर्षांनी, हे सगळं त्या एका दातावर वाचता येतं.

अमेरिका आणि कॅनडातली शिकारीची नियमपुस्तकं राज्यागणिक वेगळी असतात आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती निव्वळ बाबूगिरी वाटते. आमिष रस्त्यापासून अमुक यार्डांवर ठेवा, कुत्रे सहाच सोडा, कातडीवरचा लिंगाचा पुरावा कापू नका. पण बहुतेक कलमांच्या मुळाशी एकच चिंता आहे: यंदा माद्या किती मेल्या? ती लक्षात ठेवून वाचलं की पुस्तक भराभर उलगडतं. तरीही काही कलमं उलगडत नाहीत. ती जीवशास्त्रातून आलेली नसतात, 'असं मारणं शोभतं का?' या प्रश्नातून आलेली असतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की अस्वलाच्या शिकारीवरचा प्रत्येक वाद भरकटतो, आणि तो वाद तिकडे दर दोन-चार वर्षांनी पेटतोच.

मादीच का?

काळ्या अस्वलाची मादी चांगलं खाणंपिणं असलेल्या जंगलात साधारण तीन ते पाच वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, उत्तरेकडे त्याहूनही उशिरा. मग दर दोन वर्षांनी दोन-तीन पिल्लं. हरणाची मादी दरवर्षी विते, त्यामुळे एका हंगामात जास्त हरणं मारली गेली तरी कळप दोन-तीन वर्षांत सावरतो. अस्वलाचं तसं नाही. एकदा माद्या कमी झाल्या की भरपाईला दशक लागू शकतं.

त्यात वेळापत्रक विचित्र. जोड्या जमतात जून-जुलैत, पण फलित बीज गर्भाशयात रुजत नाही, ते नोव्हेंबरपर्यंत तसंच थांबून राहतं. शरद ऋतूत मादीने ओकची फळं, बीचच्या बिया, बोरवर्गी फळं खाऊन पुरेशी चरबी साठवली तर गर्भ धरतो, नाहीतर ते वर्ष वाया. पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीत ढोलीत किंवा बिळात जन्मतात, वजन अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत आईला सोडत नाहीत.

हंगामाच्या तारखा या वेळापत्रकाला टेकवलेल्या असतात. हिवाळा जवळ आला की गाभण माद्या सगळ्यांत आधी बिळात शिरतात, मोठे नर शेवटपर्यंत फिरत असतात. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीचा किंवा डिसेंबरचा हंगाम नरांवर जास्त पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हंगामात मात्र सगळेच बाहेर असतात, खाण्याच्या मागे लागलेले, त्यामुळे माद्यांचं प्रमाण वाढतं. पेनसिल्व्हेनियाचा बंदुकीचा मुख्य हंगाम वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या, आसपास ठेवला जातो. राज्याला अस्वलं कमी करायची असतील तेव्हा लवकरचे दिवस वाढवतात. तारीख मागेपुढे केली की किती माद्या मरणार ते बदलतं, म्हणून वन्यजीव खात्यांच्या बैठकीत एका आठवड्यावरून तास-तास भांडणं होतात.

वसंतातली शिकार हा त्याहून नाजूक विषय. बिळातून आधी नर बाहेर पडतात, म्हणून वसंतात नरच जास्त मारले जातील, असा समर्थकांचा युक्तिवाद. विरोधक म्हणतात, मादी बाहेर पडली तर तिच्यामागे चार महिन्यांची पिल्लं असतात, ती झाडावर चढून बसलेली असली तर शिकाऱ्याला दिसतही नाहीत, आणि आई मेली की तीही मेलीच. दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणून निर्णय जागोजागी वेगळे लागले. कोलोरॅडोच्या मतदारांनी १९९२ मध्ये वसंतातली शिकार बंद केली. वॉशिंग्टन राज्याच्या आयोगाने ती २०२२ मध्ये थांबवली. कॅनडातल्या ओंटारिओने १९९९ मध्ये बंद केली, २०१४ पासून प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा आणली आणि २०२१ मध्ये कायम केली. मात्र त्या हंगामात पिल्लू किंवा पिल्लांसोबतची मादी मारणं गुन्हा ठेवला.

पिल्लू म्हणजे काय, हेही कायद्याला लिहून ठेवावं लागतं, कारण कोर्टात 'मला मोठं वाटलं' असं म्हणणारे भेटतातच. कॅलिफोर्नियात ५० पौंडांच्या आतलं अस्वल ते पिल्लू. न्यू जर्सीने हीच रेषा ७५ पौंडांवर आखली. सगळी राज्यं पिल्लांना असं संरक्षण देत नाहीत, हेही सांगायला हवं. ज्या राज्यात अस्वलं भरपूर आहेत आणि हंगाम उशिराचा आहे, तिथे 'कुठलंही एक अस्वल' एवढाच नियम असू शकतो.

जनावर कुणाचं?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली असं सरसकट म्हटलं जातं. प्रत्यक्षात त्या कायद्यातही सुरुवातीला शिकार परवान्याची कलमं होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने काढली गेली. आज विदर्भातलं अस्वल असो की हिमालयातलं काळं अस्वल, दोन्ही अनुसूची एक मध्ये आहेत. माणसाच्या जिवावर उठलेलं किंवा बरं न होण्याइतकं जखमी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची परवानगी देऊ शकतात.

अमेरिकेत पाया वेगळा. जंगली जनावर जमीनमालकाचं नाही आणि मारणाऱ्याचंही नाही. राज्य ते जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतं. त्यामुळे काळ्या अस्वलाचे नियम वॉशिंग्टन डीसीत ठरत नाहीत, राज्याराज्यांत ठरतात. केंद्र सरकार मध्ये येतं ते दोन-तीन ठिकाणीच. जात धोक्यात आली तर, मारलेलं जनावर बेकायदा राज्याबाहेर नेलं तर (त्यासाठी १९०० सालचा लेसी कायदा आहे), आणि पैशाच्या बाबतीत. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के अबकारी कर आहे, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे परत येतो. परवान्याचं शुल्कही त्यांचंच. थोडक्यात, खातं मोठ्या प्रमाणात शिकाऱ्यांच्या पैशावर चालतं. टीकाकार याच मुद्द्यावर बोट ठेवतात आणि ते बोट चुकीच्या जागी नाही.

अमेरिकन काळं अस्वल मात्र आज धोक्यात नाही. सगळ्या उत्तर अमेरिकेत मिळून त्याची संख्या साधारण नऊ लाखांच्या घरात धरतात.

परवाना, टॅग, ड्रॉ, कोटा

हे शब्द एकमेकांत मिसळले की काहीच कळत नाही, म्हणून एकेक वेगळा करू.

परवाना म्हणजे 'हा माणूस शिकार करू शकतो'. तो मिळण्याआधी बहुतेक ठिकाणी शिकार सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागतं. टॅग म्हणजे 'हा माणूस एक अस्वल मारू शकतो'. अस्वल पडलं की जागेवरून हलवण्याआधी टॅगवर तारखेची खाच पाडून तो जनावराला बांधायचा. आता काही राज्यांत हे मोबाइलवर होतं. एका हंगामात किती अस्वलं मारता येतात ती बॅग लिमिट. बऱ्याच राज्यांत ती एकच आहे, अलास्काच्या काही भागांत तीन.

टॅग काही ठिकाणी दुकानात सरळ विकत मिळतो, काही ठिकाणी ड्रॉ लागतो. ड्रॉ म्हणजे म्हाडाच्या लॉटरीसारखा प्रकार, फक्त एक दिलासा असतो: नंबर लागला नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट जमा होतो आणि पुढच्या वर्षी तुम्ही रांगेत वर सरकता. विस्कॉन्सिनच्या काही विभागांत अस्वलाचा परवाना हाती यायला दहा-दहा वर्षं पॉइंट साठवावे लागतात. तिथे बाप पोराच्या नावाने लहानपणापासूनच अर्ज भरत राहतो.

आता कोटा. कोटा म्हणजे एका विभागात जास्तीत जास्त किती अस्वलं मरू द्यायची तो आकडा. तो राखायच्या दोन पद्धती आहेत, आणि त्यातला फरक फ्लोरिडाने फार महागात शिकून घेतला.

पहिली पद्धत: टॅग कितीही विका, मेलेल्यांचा हिशोब रोज घ्या आणि आकडा जवळ आला की हंगाम बंद करा. कॅलिफोर्नियात असंच आहे, १,७०० अस्वलांची नोंद झाली की हंगाम संपला. फ्लोरिडाने ऑक्टोबर २०१५ मध्ये दोन दशकांनंतर पहिल्यांदा शिकार उघडली तेव्हा हीच पद्धत वापरली. पावणेचार हजारांहून जास्त परवाने विकले गेले, मर्यादा ३२० अस्वलांची. हंगाम आठवडाभर चालू शकला असता. दोन दिवसांत तो गुंडाळावा लागला, कारण तोवर ३०४ अस्वलं मेली होती. राज्याच्या एकूण आकड्याच्या आत असली तरी एका विभागात ४० च्या जागी शंभरहून जास्त. शिकारी सकाळी मारतो, तपासणी केंद्रावर येतो संध्याकाळी, आणि 'थांबा' हा निरोप जंगलात पोचेपर्यंत रात्र होते. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, फ्लोरिडाच्या आयोगाने पुन्हा शिकार मंजूर केली तेव्हा पद्धत बदलली. फक्त १७२ परवाने, ड्रॉने, एका परवान्याला एक अस्वल. या दुसऱ्या पद्धतीत कोटा ओलांडला जाण्याची सोयच नाही.

न्यू जर्सीची तऱ्हा याहून निराळी. तिथे वर्षभर संशोधक अस्वलं पकडून कानात बिल्ले लावतात. हंगामात मारलेल्यांत बिल्लेवाली किती निघाली, यावरून एकूण अस्वलांपैकी किती टक्के मेली याचा अंदाज बांधतात. हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर डिसेंबरचा हंगाम चार दिवस वाढतो, ३० टक्क्यांवर गेलं तर बंद होतो. मला ही पद्धत सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात 'एकूण अस्वलं किती?' या अवघड प्रश्नाला सरळ भिडावं लागत नाही.

मिनेसोटाने मोजणीसाठी अशीच एक युक्ती वापरली. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घातलेलं खाद्य जंगलात टांगून ठेवायचं. ते खाल्लेल्या अस्वलाच्या हाडादातांत औषधाची खूण राहते आणि अतिनील प्रकाशात ती पिवळसर चमकते. नंतर शिकाऱ्यांनी पाठवलेल्या नमुन्यांत किती चमकले ते मोजायचं. म्हणजे दात जमा करणं ही शिकाऱ्यावरची जबरदस्ती नुसती कागदासाठी नसते. पुढच्या वर्षीचा कोटा त्यातूनच निघतो.

डोनट आणि कुत्रे

माद्यांचं गणित इथवर पुरतं. आता 'शोभतं का'वाली बाजू.

काळं अस्वल मारायच्या पद्धती मुख्यतः चार. एक, उघड्या डोंगरउतारावर दुर्बिणीने शोधून दबकत जवळ जायचं. दोन, हाका: माणसांची रांग रान उठवत चालते आणि पुढे नेमबाज थांबलेले असतात. पेनसिल्व्हेनियात हे फार चालतं. टोळीत २५ च्या वर माणसं नकोत आणि सगळ्यांच्या नावांची यादी सोबत ठेवा, असा नियम आहे. तीन, आमिष: पिंपात शिळे डोनट, पाव, मका, काकवी असलं काही ठेवायचं, अस्वलाला त्याची सवय लावायची आणि हंगाम उघडला की जवळच्या मचाणावर बसायचं. चार, कुत्रे: ते माग काढत अस्वलाला पळवतात, शेवटी ते झाडावर चढतं, आणि शिकारी कुत्र्यांच्या पट्ट्यातल्या जीपीएसवरून तिथवर पोचतो.

शेवटच्या दोन ऐकूनच बहुतेकांना किळस येते. मलाही येते. पण मादीचं गणित इथे उलटं पडतं. आमिषावर आलेलं किंवा झाडावर चढलेलं अस्वल निवांत न्याहाळता येतं. नर की मादी, दूध पाजते का, मागे पिल्लं आहेत का, हे पाहून न मारता परत जाता येतं. दाट जंगलात पन्नास पावलांवर क्षणभर दिसलेल्या अस्वलाच्या बाबतीत ते जमत नाही. जी पद्धत सगळ्यांत अन्यायाची दिसते, तीच निवड करायला सगळ्यांत जास्त वाव देते. शिकारी तो वाव खरंच वापरतात का, हा पुढचा प्रश्न; ट्रॉफीच्या, म्हणजे मिरवण्याजोग्या मोठ्या जनावराच्या, मागे लागलेला वापरतो, पहिलं अस्वल हवं असलेला नवशिका बहुधा नाही.

मेन राज्यात आमिषाचे नियम वाचण्यासारखे आहेत. हंगामाच्या महिनाभर आधीच आमिष टाकायला सुरुवात करता येते. जागा गाडीरस्त्यापासून ५० यार्डांपलीकडे हवी, कचरा डेपो आणि छावणीपासून ५०० यार्डांपलीकडे. तिथे दोन बाय चार इंचांच्या पट्टीवर टाकणाऱ्याचं नाव-पत्ता लावायचा. अस्वलाला माणसाच्या वस्तीजवळच्या कचऱ्याची चटक लागू नये हा या अंतरांचा हेतू. आमिषात काय नको, यावरही कायदे आले. २०१४ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एका आमिषाच्या जागी चार अस्वलं मरून पडलेली आढळली, दोन माद्या आणि दोन पिल्लं. गोळीची खूण नाही. चॉकलेटमधल्या थिओब्रोमिनने विषबाधा झाली होती. त्यानंतर त्या राज्याने आमिषात चॉकलेट बंद केलं.

कुत्र्यांचेही नियम असेच बारीक. मेन आणि विस्कॉन्सिन, दोन्हीकडे एका वेळी सहाच कुत्रे. विस्कॉन्सिनमध्ये कुत्रेवाले आणि आमिषवाले यांचं आपसांत जमत नाही, म्हणून काही विभागांत हंगामाचा पहिला आठवडा एक वर्ष यांना, एक वर्ष त्यांना. तोडगा आपल्याकडच्या कुठल्याही तंटामुक्ती समितीला शोभला असता.

बंदी आली ती मतपेटीतून. कोलोरॅडोने १९९२ मध्ये वसंताच्या शिकारीसोबत आमिष आणि कुत्रेही बंद केले, ओरेगनने १९९४ मध्ये, वॉशिंग्टनने १९९६ मध्ये. कॅलिफोर्नियाच्या विधानमंडळाने २०१२ मध्ये कुत्र्यांवर बंदी घातली. मेनमध्ये मात्र २००४ आणि २०१४, दोन्ही सार्वमतांत बंदी हरली. तिथे आजही आमिष, कुत्रे आणि सापळा तिन्ही चालतात. अस्वलाला सापळा लावायला परवानगी असलेलं ते एकमेव राज्य.

'फेअर चेस' हा शब्द या वादात सतत येतो. मोकळ्या फिरणाऱ्या जनावराला निसटायची खरी संधी असली पाहिजे, असा त्याचा अर्थ. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने तो रुजवला. तेच रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपीत शिकारीला गेले होते. वाटाड्या होल्ट कॉलियर, गुलामगिरीत जन्मलेला, त्या भागातला अस्वलांचा सगळ्यांत नावाजलेला शिकारी. त्याच्या कुत्र्यांनी अस्वल घेरलं, त्याने ते झाडाला बांधलं आणि साहेबांना बोलावणं धाडलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये त्यावर व्यंगचित्र काढलं, आणि तिथून 'टेडी बेअर' जन्माला आला. गोष्टीचा शेवट सहसा सांगत नाहीत: ते अस्वल फार जखमी झालं होतं, म्हणून रूझवेल्टनी त्याला संपवायला सांगितलं आणि ते सुऱ्याने मारलं गेलं. त्या भागातल्या लुइझियाना काळ्या अस्वलाला पुढे १९९२ मध्ये धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घालावं लागलं, २०१६ मध्ये काढलं, आणि लुइझियानाने डिसेंबर २०२४ मध्ये मोजक्या परवान्यांवर शिकार पुन्हा उघडली.

काळं अस्वल काळंच असतं असं नाही

पूर्वेकडे ते बहुधा काळं असतं. पश्चिमेकडे तपकिरी, दालचिनी रंगाचं, अगदी फिकट सोनेरीही. तिकडे ग्रिझली हे तपकिरी अस्वलही राहतं आणि अलास्का सोडून बाकी अमेरिकेत ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. चूक झाली तर मोठा दंड आणि तुरुंग. म्हणून माँटानात काळ्या अस्वलाचा परवाना घेण्याआधी ओळख परीक्षा पास व्हावी लागते. रंगावर जायचं नाही, आकारावरही नाही. खांद्यावरचा उंचवटा, चेहऱ्याची बाजूने दिसणारी रेषा, कानांचा आकार आणि पुढच्या पंजाची नखं पाहायची. ग्रिझलीला उंचवटा असतो, चेहरा बाजूने खोलगट दिसतो, कान तुलनेने लहान आणि गोल, नखं लांब.

ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर काही काळी अस्वलं चक्क पांढरी जन्मतात. ही स्पिरिट बेअर. पांढरं अस्वल मारायला बंदी आधीपासूनच होती, पण पांढऱ्या रंगाचं जनुक काळ्या दिसणाऱ्या अस्वलांतही लपून वाहत असतं. काळं मारलं तरी पांढरं पिल्लू होण्याची शक्यता मेली. तिथल्या कितासू/हायहायस आणि गितगाआत या आदिवासी राष्ट्रांसोबत सरकारने २०२२ मध्ये त्या टापूत सगळ्याच काळ्या अस्वलांची शिकार बंद केली. अख्ख्या विषयात विज्ञान आणि कायदा इतके नेमके एकत्र आलेले मला दुसरीकडे दिसले नाहीत.

मारल्यानंतर

कायद्याच्या भाषेत शिकारीला 'टेक' म्हणतात, आणि त्यात नुसतं मारणं येत नाही. बऱ्याच राज्यांत पाठलाग करणं, गोळी झाडणं, जखमी करणं, तसा प्रयत्न करणं, सगळं येतं. नेम चुकला म्हणून गुन्हा होत नाही असं नाही. सरकारी अहवालांत 'हार्वेस्ट' हा शब्द दिसतो, म्हणजे पीक काढणी. शिकारीविरोधकांचा त्या शब्दावर राग आहे, आणि मीही इथे 'मारणं' असंच लिहिलं आहे.

अलास्कात तपासणीला सीलिंग म्हणतात. कातडं आणि कवटी खात्याच्या माणसापुढे ठेवायची, तो त्यावर कुलूपबंद सील लावतो. तोपर्यंत लिंगाचा पुरावा कातड्यावर नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे. सुरुवातीला चमत्कारिक वाटलेलं कलम ते हेच: कापून टाकला, तर मादी मारून नर म्हणून नोंदवता येईल.

मांस वाया घालवणं बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे. अलास्काच्या अनेक भागांत जानेवारी ते मे या काळात मारलेल्या अस्वलाचं मांस आणणं सक्तीचं असतं. नंतर किनाऱ्यावरची अस्वलं सामन मासा खाऊ लागतात आणि मांसाला वास मारतो, असं शिकारी सांगतात.

हे मांस कुणी प्रेमाने वाढलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२२ मध्ये साउथ डकोटात एका कौटुंबिक मेळाव्यात कॅनडाहून आणलेल्या अस्वलाच्या मांसाचे कबाब झाले. मांस दीड महिना फ्रीझरमध्ये होतं. कबाब चुकून कच्चे राहिले. सहा जणांना ट्रायकिनेला या कृमीची बाधा झाली, आणि त्यांतल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त सोबत भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. उत्तरेकडच्या अस्वलांतला हा कृमी गोठवून मरत नाही. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला पोचलं पाहिजे.

पित्ताशयाचा मामला वेगळा. पूर्व आशियातल्या पारंपरिक औषधांत अस्वलाच्या पित्ताला मोठी किंमत येते आणि सुकवलेलं पित्ताशय कुठल्या जातीच्या अस्वलाचं हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. धोक्यातल्या आशियाई अस्वलाचा माल अमेरिकन म्हणून खपवला जाऊ नये, म्हणून अमेरिकन काळं अस्वल मुबलक असूनही साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोन मध्ये आहे. कातडं, नख, कवटी, काहीही देशाबाहेर न्यायचं तर साइट्सचा परवाना लागतो. पित्ताशय विकणं अनेक राज्यांत गुन्हा आहे. परवाना एका राज्यात रद्द झाला तर आंतरराज्य करारामुळे तो बहुतेक सगळ्या राज्यांत गोठतो.

न्यू जर्सीत मराठी कुटुंबं भरपूर आहेत, आणि राज्याच्या वायव्य भागात अस्वल कचऱ्याच्या डब्यापर्यंत येतं हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. तिथे शिकार २००३ मध्ये ३३ वर्षांनी उघडली, मध्ये बंद पडली, २०२२ च्या डिसेंबरपासून पुन्हा चालू आहे. हंगामाचे दोन तुकडे असतात, ऑक्टोबरात एक आणि डिसेंबरात एक. त्या दिवसांत डोंगरात फिरायला जायचं असेल तर आधी जागा कुठल्या प्रकारची ते बघा. ग्रेट स्मोकीसारख्या राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी असते. राष्ट्रीय वन आणि राज्य वन वेगळे, तिथे हंगामात बंदुका असतात. भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घाला, मुलांनाही घाला, कुत्रा असेल तर त्यालाही. कायदेशीर वेळ बहुतेक राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात पायवाटेवर निघणं या आठवड्यांत टाळलेलंच बरं.